शेकड्याचा अडकलेला आकडा

मी एक जुना काउंटर आहे. माझ्याविषयी खात्रीने सांगता येईल असे एवढेच. बाकी सगळा गोंधळ आहे मित्रांनो, तेव्हा सांभाळून घ्या.

मी मुठीत मावेन एवढा आहे. अंगठ्याने माझा खटका दाबला की 'टिक' होते आणि खिडकीतला आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूला एक गोल चावी आहे. ती फिरवली की सगळे आकडे शून्यावर येतात. एकेक करून मागे जाणे मला जमत नाही. कारखान्यातल्या तपासणीच्या बाईंनी मला शंभरदा दाबले, शंभर आले का ते पाहिले आणि खोक्यात टाकले. शाबासकी नाही की काही नाही. माझा जन्म कशासाठी झाला, हेही त्यांनी सांगितले नाही.

ते कळले दारावरच्या काकांकडे गेल्यावर. काका वस्तुसंग्रहालयाच्या दारात उभे राहत. माणूस आत आला की टिक. काम इतके सोपे, पण काका त्यातही घोळ घालत. कडेवरचे मूल मोजायचे की नाही, यावर त्यांचा तिकीटबाईंशी रोज वाद. छत्री विसरलेला माणूस परत आत आला, तर तो नवा की जुना? मी आपला दाबतील तेवढे मोजत होतो. "आमचा टिकट्या कधी थापा मारत नाही," असे काका म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

एकदा त्यांच्या हातातून निसटून मी दगडी पायरीवर पडलो. तेव्हापासून चावी फिरवली तरी माझा शेकड्याचा आकडा जागचा हलत नाही. टेबलावर दोनदा आपटले तरच तो शून्य होतो. पुढे दाराला आपोआप मोजणारे यंत्र बसले, काका निवृत्त झाले आणि मी खणात गेलो. सोबतीला सुकलेली पेने. तिथे किती वर्षे काढली, ते विचारू नका. मला कोणी दाबतच नव्हते.

मग जुन्या सामानाबरोबर मी एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात पोहोचलो. तिथल्या प्रयोगशाळेच्या मामांनी मला पुसले, तेलाचा थेंब दिला आणि कपाटात ठेवले. एके दिवशी अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक विद्यार्थिनी आली. तिला सगळे पेन्सिलताई म्हणत. रोजच्या जगण्यात मनात काळजी किती वेळा येते, हा तिचा अभ्यासाचा विषय. वसतिगृहातल्या बारा मुलींना बारा काउंटर द्यायचे होते. अकरा नवे कोरे, बारावा मी. घरच्या माणसाला फुटका कप द्यावा, तसा तिने मला आपल्याच खोलीतल्या मैत्रिणीला दिला.

"काळजी आली की टिक कर," ती म्हणाली. "आठवड्याने परत दे."

माझा गोंधळ तिथून सुरू झाला. काळजी येते म्हणजे कुठून येते? कोणत्या दाराने?

ही मैत्रीण नकलाकार होती. प्राध्यापकांपासून कॅन्टीनच्या मालकापर्यंत सगळ्यांच्या नकला करायची आणि जेवणाच्या टेबलावर मुली हसून हसून बेजार व्हायच्या. त्याच वेळी खिशात तिचा अंगठा मला दाबत असे. टिक, टिक, टिक. मला वाटले, ही हसणारी माणसे मोजतेय. पण जिन्यात एकटी असताना टिक. आंघोळीला जाण्याआधी दाराशी उभी राहून टिक. आईशी फोनवर खळखळून हसताना तर पाच वेळा. कोण आत येत होते? मला तर कोणीच दिसत नव्हते. सातव्या दिवशी माझ्या खिडकीत तीनशे बारा होते.

परत द्यायच्या वेळी प्रयोगशाळेच्या दाराशी तिने खिशातल्या खिशात माझी चावी फिरवली आणि चाचपत नऊ वेळा दाबले. मला आपटायला हवे होते, हे तिला कुठे ठाऊक! तेवढ्यात आतून हाक आली आणि तिने न बघताच मला टेबलावर ठेवले.

"तीनशे नऊ?" पेन्सिलताई म्हणाली. "बाकीच्या कोणाचे साठच्या वर नाहीत. हा म्हातारा बिघडला वाटतं. तुझे खरे किती?"

"नऊ असतील गं."

पेन्सिलताईने मैत्रिणीच्या बाराव्या कागदावर नऊ लिहायला पेन टेकवले. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी खोटा ठरत होतो.

मामा कपाट आवरत होते. त्यांनी मला हातात घेतले. "ताई, याचा शेकडा चावीने शून्यावर जात नाही, हे खरं. म्हणून देताना मी तो आपटून शून्य केला होता. आणि हा स्वतःहून पुढेही पळत नाही. तीन दिसतोय म्हणजे तीनशे झाले होते." एवढे बोलून त्यांनी मला पेन्सिलताईच्या हातात ठेवले आणि ते चहा आणायला निघून गेले.

नकलाकाराने लगेच मामांची नक्कल केली. हुबेहूब होती. पेन्सिलताई हसली नाही.

"शून्य का केलंस?"

"तुझा तक्ता बिघडला असता."

"खड्ड्यात गेला तक्ता! झोप लागते का तुला?"

मग ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "नाही लागत. आणि हसले नाही तर सगळ्यांना कळेल, याचीच जास्त भीती वाटते."

पेन्सिलताईने बारावा कागद फाडला. "माझ्या अभ्यासात तू नाहीस आता. माझ्या खोलीत आहेस. एका खोलीत राहून मला दिसलं कसं नाही गं?" बोलताना तिला रडू येत होते. मग तिने मैत्रिणीचा हात धरला आणि दोघी कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे निघाल्या. मी पेन्सिलताईच्या मुठीतच राहिलो होतो.

मित्रांनो, काळजी म्हणजे काय, हे मला अजून उमगलेले नाही. तुम्हाला उमगले असेल, तर ती खिशातल्या खिशात मोजत बसू नका. कोणाला तरी दाखवा. मलाही अधूनमधून तेल द्या. पण माझा तो अडकणारा शेकडा दुरुस्त करू नका.

बाईंचे दार उघडले. दोघी आत गेल्या. जुन्या सवयीने मी दोन टिकांची वाट पाहिली. कोणी मला दाबलेच नाही.