काबरीचे कोंबडे

चांदूर रेल्वेजवळच्या एका गावात दुर्गाबाईच्या आणि तिच्या धाकट्या जावेच्या, चंदाच्या अंगणांच्या मधे एक बुटकी भिंत होती. पलीकडचं सगळं दिसायचं, आणि दुर्गाबाईचा घास रोज कडू व्हायचा. चंदाला दोन मुलगे, दुर्गाबाईला तीन मुली. तेही एक वेळ सोसलं असतं. पण यंदा चंदाच्या कोंबडीखालून जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या, पुढं अंडी देणाऱ्या, आणि दुर्गाबाईच्या काबरी कोंबडीनं काढले नुसते कोंबडे. मेलीला मुलगेही मिळावेत आणि माद्याही!

दुर्गाबाईला मात्र शास्त्र ठाऊक होतं. मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, असं धाकट्या लेकीनं, पिंकीनं, दहावीत असताना वाचून दाखवलं होतं. तेवढ्यावर तिनं सासूचं तोंड कायमचं बंद केलं होतं. म्हणजे इथंही दोष कोंबड्याचाच! रविवारी त्याचा रस्सा झाला. मग मान खाली घालून तिनं चंदाचा कोंबडा मागून आणला. चंदानं तो हसत दिला, आणि ते हसू दुर्गाबाईला फार झोंबलं.

पुढच्या खेपेची पिल्लं वाढली, त्यांना तुरे फुटले. पुन्हा कोंबडेच! तिनं तणतणत अकोल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला. पिंकी तिथं जनावरांची डॉक्टरकी शिकत होती.

"माय, कोंबड्याले काहून कापलं वं? माणसात बापाचं गुणसूत्र ठरवते, पाखरात मायचं. अन् मगरीत तं घरट्यातली गरमीच ठरवते."

"म्हंजे हे काबरीच!" दुर्गाबाईनं तिला काखेत दाबलं आणि सुरी उचलली. "पांढऱ्या पायाची मेली! नुसते नर काढून राहिली. हिच्या मानेवर सुरीच फिरवा लागते."



"मी झाली तवा आजी तुले हेच म्हणे न, माय? काबरीच्या हातात काय हाय? चिठ्ठी उचलल्यावानी असते ते."

दुर्गाबाईला बाळंतिणीची खोली आठवली, मांडीवरची पिंकी आठवली, आणि दारातून आलेले सासूचे हेच शब्द: पांढऱ्या पायाची. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं सुरी खाली ठेवली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चंदाची हाक आली, "बाई, माह्या इकडे याही खेपेले माद्याच झाल्या!"

 दुर्गाबाईनं काबरीला छातीशी घट्ट धरलं.

"माह्या काबरीले नावं नको ठेवू!" ती ओरडली.

चंदानं काबरीचं नावही काढलं नव्हतं.