पाच शिंका

लोकरी टोप्यांच्या त्या कारखान्यात थंडीचा अंदाज मालकांच्या नाकावर चाले. हंगामाआधी एका पहाटे ते गच्चीवर उभे राहत आणि खाली कामगार श्वास रोखून शिंका मोजत. जितक्या शिंका, तितक्या गाड्या लोकर. गेल्या वर्षी नेमकं त्यांना पडसं झालं. उरलेल्या टोप्यांनी पाहुण्यांची खोली गच्च भरली. पाहुणे यायचे बंद झाले, हा त्यातल्या त्यात फायदा.

यंदाही टोप्या उरल्या तर कारखान्याला कुलूपच लागणार होतं. म्हणून मालकांच्या सुनेने जुनी विक्री, हवामान, सगळं कॉम्प्युटरला घातलं. उत्तर आलं, पाच गाड्या. हिशोब चोख होता, पण सासरेबुवांपाशी माशी शिंकत होती.

"बाबा, पाचच मागवूया ना."

"तुझ्या कॉम्प्युटरला नाक आहे का?" एवढं बोलून ते आंघोळीला गेले.

सुनेला रडूच आलं. सासूबाई भाजी चिरत होत्या. "पाच ना?" त्या म्हणाल्या. "चिमूटभर मिरपुडीला तीन, दीड चिमटीला पाच. इतकी वर्षं संसार काय उगाच केला?"

ठरल्या पहाटे त्यांनी मिरपूड लावलेला रुमाल नवऱ्याच्या खिशात सरकवला. गच्चीवर मालकांनी त्याने नाक पुसलं. एक, दोन, तीन, चार, पाच! सून हुश्श करणार, तोच नाक पुन्हा फुललं. डोळे मिटले, तोंड उघडलं. सुनेने सासूबाईंचा हात गच्च धरला. मालकांनी एकदम पाठ फिरवली, खांदे गदागदा हलले. आवाज मात्र आला नाही.

"पाच!" खालून ओरडा झाला.

हंगाम संपला तेव्हा उरली होती फक्त मालकांच्या डोक्यावरची टोपी. ते मिशीला पीळ भरत कारखानाभर हिंडले. श्रेय सगळं नाकाला! सुनेचा जळफळाट झाला. जेवायला वाढताना तिने ताट जरा आपटलंच.

सासऱ्यांनी सासूबाई आत गेल्याची खात्री केली. "पुढच्या वर्षी आकडा नुसता कानात सांग," ते हळूच म्हणाले. "तेवढंच शिंकेन. त्या मिरीनं फार आग होते गं."

सून बघतच राहिली. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"माणसं माझ्या नाकावर कामाला लागतात, कॉम्प्युटरवर नाही लागत अजून." त्यांनी नाक चोळलं. "पण सहावी खरी होती, पोरी. तुझ्या आकड्यासाठी दाबली. जीव जायची वेळ आली होती."