गिऱ्हाईक येईपर्यंत

बोईसरजवळच्या नवापूरच्या हिराबायने घर विकायला काढलं तेव्हा गावाने नाकं मुरडली. कौलं धड, विहीर जवळ, समोर समुद्रापर्यंत मोकळं अंगण; हिला कमी काय पडलं? असं विचारणाऱ्यांपैकी एकाही शहाण्याने पावसाळ्यात तिच्या दारी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा महादू केव्हाच गेला, लेक हंसा सातपाटीला दिलेली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या की त्या घरात हिराबाय आणि तिचा खोकला, एवढंच उरायचं. एकटेपणाने ती पार वैतागली होती. पुढचा पावसाळा इथे काढायचा नाही, घर विकून हंसाच्या शेजारी खोली घ्यायची, हे तिने पक्कं केलं.

पाऊस सरला की मात्र घर भरून जायचं. गावात सगळ्यात जास्त वारा तिच्याच अंगणात, म्हणून बोंबील वाळवायला बायका तिथेच बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोड्या दोरीवर टाकायच्या, आणि हात चालतील तशी तोंडं चालवायच्या. हिराबायची स्वतःची होडी नव्हती, मासळी नव्हती. ती नुसती मध्ये बसून सगळ्यांना शिव्या घालायची आणि चहा पाजायची.

दलाल होता पालघरचा वामन. आधी मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताची दलाली करायचा. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं, घाटावरची माणसं बोईसरला उतरू लागली, तसा हा घरांच्या धंद्यात शिरला. गवत काय नि घर काय, कोरडं असलं म्हणजे झालं, असा त्याचा हिशेब.

ओटीवर बसत तो म्हणाला, "हिराबाय, आदीच सगलं बोलून घेऊ. मागनं कटकट नको. तुमचं म्हननं काय?"

"माजं एकच. जो घेल त्यानं बायकांना अंगनात बोंबील वालवू द्यावं."

वामन मोठ्याने हसला. "अवो, घाटावरची मानसं ती. वासानंच बोईसरपर्यंत पलतील. बोंबील ठेवा, नायतर गिऱ्हाईक ठेवा. दोनी जमायचं नाय. आनि कोनी इचारलं तर सांगायचं, हितं कोन येत नाय, एकदम शांत हाय."

"कायमचं नाय ना पन?"

"गिऱ्हाईक येईपर्यंत."

हिराबायने जड जिवाने बायकांना सांगितलं. तिला वाटलं होतं, कुणीतरी भांडेल, निदान रुसेल. कसलं काय! शेजारच्या कमळीने त्याच दिवशी सगळे बांबू उपटून आपल्या अंगणात रोवले. "तुजं घर चांगलं इकू दे बाय," म्हणाली. बायका इतक्या मनापासून दूर राहिल्या की विचारू नका. करमेना म्हणून हिराबाय एकदा तिकडे निघाली, तर कमळीने कुंपणाजवळूनच हाकललं. "ए बाय, अंगाला वास लागंल! गिऱ्हाईक आलं तर? जा, घरी बस." त्यात वाईट हेतू तिळभर नव्हता. म्हणून तर हिराबायला भांडताही येईना.

ती घरी बसली. अंगण सारवलं, पुन्हा सारवलं. वास गेला, माश्या गेल्या, मांजरंसुद्धा कमळीकडे गेली. ज्या एकटेपणाला कंटाळून घर विकायचं, तो भर उन्हाळ्यात हक्काने येऊन बसला.

शेवटी वामन गिऱ्हाईक घेऊन आला. खंडेराव साताऱ्याकडचा, केंद्राच्या बांधकामावर फिटर. सोबत बायको नर्मदा. खंडेरावाने वासे ठोकून पाहिले, विहिरीत वाकून पाहिलं, खूश झाला. नर्मदा मात्र दारातच उभी होती.

"मावशी, दिवसा कुणी येतं का हितं? शेजारच्या बायका?"

हिराबायने वामनकडे पाहिलं. वामनने डोळ्यांनी खूण केली.

"कोन येत नाय," हिराबाय म्हणाली. "एकदम शांत हाय." पढवलेलंच वाक्य होतं, पण बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं. आता ते खोटंही राहिलं नव्हतं.

नर्मदेचा चेहरा उतरला. नवऱ्याला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "तुमी कामावर जाणार. मी दिसभर ह्या समुद्राचं तोंड बघत बसू व्हय? मला नगं हे घर."

"अगं पोरी, येतात!" हिराबाय ओरडलीच. "सगल्या येतात! बोंबील लावतात हितंच, नुसता कालवा असतो!"

नर्मदेने सारवलेल्या, रिकाम्या अंगणाकडे पाहिलं आणि विकणाऱ्याकडे बघून हसतात तशी हसली. "आसू द्या मावशी."

गिऱ्हाईक गेलं. पण लांब नाही गेलं. वाटेत कमळीच्या अंगणात बायकांचा दंगा दिसला, तशी नर्मदा पदर नाकाला लावून तिथेच थबकली. कमळीने पाणी दिलं, गूळ दिला, नाव-गाव विचारलं. वामन कसला हुशार! त्याने कमळीची मागची खोली तिथल्या तिथे भाड्याने लावून दिली.

आठवडाभर हिराबायने कुंपणापलीकडचं हसणं ऐकलं. मग राहवेना, तेव्हा तिकडे गेली. आता अंगाला वास लागला तरी कुणाची हरकत नव्हती. नर्मदा एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने जबड्यात जबडा अडकवू बघत होती, आणि बायका हसून हसून लोळत होत्या. म्हातारीला पाहून ती सरकली, फळीवर जागा केली.

"या मावशी, बसा. तुमी पण हितंच येता व्हय?"

"नाय बाय," हिराबाय उभ्यानेच म्हणाली. "या सगल्या माज्याकडं येत व्हत्या."

कमळीचे हात दोरीवरच थांबले.