न दिलेली ओ

भागोजीचा मुलगा वेद गेल्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. भागोजीच्या अंगणात अजूनही रोज सकाळी कोणी ना कोणी येऊन बसे. आज महिपत आला होता. महिपत गावकीचा प्रमुख. शिमग्यात पालखी कुठल्या वाटेने न्यायची इथपासून कोणाच्या उंबऱ्याला कोणी पाय लावायचा नाही इथपर्यंत, गावातलं सगळं त्याच्या शब्दावर ठरत असे.

"ती रत्नागिरीची मॅडम आज परत येतेय म्हणे," महिपत म्हणाला.

"हो. अकराला."

"त्या पोराला वाळीत टाकलेला काय, इचारील. आपण काय सांगायचं?"

उत्तराची वाट न पाहता महिपतच पुढे म्हणाला,

"वाळीतबिळीत काय नाय. ज्याची त्याची मर्जी, कोण बोलतो, कोण नाय बोलत. त्याचा कायदा झालाय, भागोजी. एकदा कागदावर आलं की बारा जण कोर्टाच्या पायऱ्या चढतील. त्यात तूही आलास. मीपण आलो, पण माझं जाऊ दे, माझी गुडघेदुखी बघून जज्जच मला खुर्ची देईल."

बोलून तो स्वतःच थोडा हसला. भागोजी हसला नाही तसा महिपतने आवाज खाली आणला.

"तुझा पोर गेला तेव्हा गाव तुझ्या मागं उभा राहिला. तेरा दिवस तुझ्या घरात चूल पेटवावी लागली काय? मग आता तू गावाच्या मागं उभा राहा. आणि तो पोर तुझ्याकडं आलेला असं सांगतोय, तर त्यालाही उत्तर हाय. पंप चालू होता म्हण. फवारणीचा पंप चालू असला की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाय."

भागोजीने मान वर केली. तो पोर आपल्याकडे आला होता, हे त्याने महिपतला कधी सांगितलं नव्हतं.

"मला कशाला सांगायला हवं?" महिपत उठता उठता म्हणाला. "गाव हाय हे."

तो पोर म्हणजे अजिंक्य. सोळा वर्षं आठ महिन्यांचा. वेद त्याच्याहून चार महिन्यांनी लहान. बालवाडीपासून अकरावी सायन्सपर्यंत दोघं एका बाकावर बसले होते. सहा-सात वर्षांचा असताना अजिंक्य स्वतःच्या घरापेक्षा भागोजीच्या घरी जास्त जेवत असे. त्याला भाकरीबरोबर जवळ्याची चटणी लागते हे गंगाला, म्हणजे वेदच्या आईला, पाठ होतं.

पण दीड वर्षापूर्वी अजिंक्यच्या बापाने, अनिलने, सड्यावरची आपली जमीन गावकीला न विचारता बाहेरच्या माणसाला विकली. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. जमीन अनिलची असली तरी गुरं साऱ्या गावाची चरत होती. गावकी बसली आणि अनिलच्या घराशी कोणी बोलायचं नाही असं ठरलं. अनिल मुंबईला नोकरीत, वर्षातून दोनदा येणारा. त्याला त्याची झळ काय लागणार? मागे राहिली होती त्याची बायको तुळसा आणि अजिंक्य. गिरणीवाला तुळसाचं दळण घेईना, म्हणून ती पिशवी डोक्यावर घेऊन एसटीने शेजारच्या पावस गावी जाऊ लागली. लावणीला तिच्या खाचरात एक माणूस उतरला नाही. मायलेकांनी दोघांनीच वाकून तीन आठवडे भात लावलं. बाजूच्या बांधावरून भागोजी जात होता. त्याने ते पाहिलं होतं.

पोरांनी मात्र यातून आपली एक वाट काढली होती. रत्नागिरीच्या कॉलेजात जाताना गाडी फाट्यापलीकडे गेली की बोलायचं, संध्याकाळी फाटा आला की गप्प व्हायचं. पाच-सहा महिने ते निभलं. मग महिपतच्या पुतण्याने दोघांना रत्नागिरीच्या स्टँडवर एका बशीतली भजी खाताना पाहिलं. पुढच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, "ज्याच्या घरचा पोर ऐकत नाय तो हितं बसून आमाला काय शिकवतो?" चार लोक हसले. भागोजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी त्याने वेदला देवळात नेलं, नारळावर हात ठेवायला लावला आणि शपथ घातली. गावात नाही, कॉलेजात नाही, कुठेच बोलायचं नाही.

वेदने शपथ पाळली. एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी अजिंक्यने त्याला मारलं.

ऋजुता अकराला पाच मिनिटं कमी असताना आली. ती बाल न्याय मंडळाकडे काम करणारी परिविक्षा अधिकारी होती. तिशीच्या आतली, हेल्मेट काखेत, फाइल छातीशी. गुन्हा केलेल्या मुलाच्या घरची, शाळेची, गावाची माहिती काढून ती मंडळाला अहवाल देत असे. पहिल्या वेळी आली तेव्हाच तिने भागोजीला सगळं समजावलं होतं. अजिंक्य सोळाच्या वर आहे, गुन्हा खुनाचा आहे. त्याला मूल समजून सुधारण्यासाठी ठेवायचं की मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा, हे मंडळ ठरवणार होतं.

"मोठ्या माणसासारखाच चालवा," तेव्हा गंगा आतून म्हणाली होती. "दगड उचलताना तो लहान होता काय?"

आज गंगा दाराच्या आत, चौकटीला टेकून बसली होती. राही, धाकटी लेक, शाळेत गेली होती.

"सोमवारी अहवाल द्यायचा आहे," ऋजुता म्हणाली. "एका गोष्टीवर अडलंय. पोलिसांच्या कागदात लिहिलंय, की मुलाने मारल्यावर कोणालाही बोलावलं नाही. आरडाओरडा केला नाही. सव्वासहाला गुरं घेऊन परतणारा माणूस तिथे पोचला, तेव्हा तो वेदच्या शेजारी शांत बसला होता. मंडळ हे वाचेल तेव्हा त्याचा एकच अर्थ निघेल."

"काय?" गंगाने विचारलं.

"की त्याला काय केलं ते कळत होतं आणि वाईट वाटत नव्हतं."

"मग बरोबरच हाय."

ऋजुताने फाइल उघडली. "तो वेगळं सांगतो. गाडीतून उतरून दोघं सड्यावरच्या वाटेने येत होते, वेद पुढे, हा मागे. हा म्हणत होता, एकदा माझ्याकडे बघ, बोलू नकोस, नुसतं बघ. वेदने कानात इअरफोन घातले. मी विचारलं, मग? तर म्हणाला, त्यात गाणं चालू नव्हतं, मला माहीत होतं, त्याच्या मोबाइलची बॅटरी कॉलेजातच गेली होती."

भागोजीचा हात मांडीवरून घसरून पायरीवर पडला.

"मग त्याने दगड उचलला. तीन वेळा. हे तो लपवत नाही. पण पुढे म्हणतो, की सड्यावर रेंज नव्हती, आई पावसला दळणाला गेली होती, म्हणून मी सगळ्यात जवळच्या घरी धावलो. अंगणाच्या दगडी कुंपणाशी, गडग्याशी उभा राहून काकांना हाका मारल्या." तिने वर पाहिलं. "तुम्ही पोलिसांना सांगितलंत, की कोणी आलं नाही. मी परत विचारतेय. पाच चाळीसच्या सुमाराला तुम्ही कुठे होता?"

"हितंच. अंगणात. औषध ढवळत होतो ड्रममध्ये."

"पंप चालू होता?"

तिला हे कोणी सांगितलं कोण जाणे. की साधा हिशेबी प्रश्न होता, बागायतीतल्या घरात येऊन कोणीही विचारला असता असा? उत्तर तयार होतं. हो म्हटलं की संपलं. पोर खोटाही ठरला नसता, आपणही नाही. हाका मारल्या असतील, ऐकू आल्या नाहीत. गंगाला सांगण्यासारखंही तेच होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला होता, अर्धा तास आधी आणला असता तर काही करता आलं असतं. ते वाक्य गंगा गेले एक्केचाळीस दिवस रोज म्हणत होती, भांडी घासताना, झोपेत, राहीची वेणी घालताना.

"पंप बंद होता," भागोजी म्हणाला.

ऋजुताचं पेन थांबलं.

"आलेला तो. गडग्याच्या बाहेर उभा होता. आत यायचं नाय हे त्याला ठावं होतं, तेव्हापण तो आत आला नाय. तीनदा हाक मारली. काका. मी मान वर केली नाय. शेजारच्या बागेत दोन माणसं होती, ती बघतायत असं मला वाटलं. आणि मला वाटलं, खोटं बोलतोय. माझ्या तोंडून ओ काढायला बघतोय."

"तो काय म्हणाला? आठवतील तेवढे शब्द सांगा."

"सगळे आठवतात. काका, वेद पडलाय. रक्त येतंय. तुमी या, माझ्या एकट्यानं तो उचलवत नाय." भागोजीने गडग्याकडे पाहिलं. "मी ढवळत राहिलो. नंतर आतल्या पडवीत गेलो, तो जाईपर्यंत. त्याच्या पळण्याचा आवाज आला, सड्याकडे. मला वाटलं, पाय मुरगळला असंल. वेद येईल लंगडत. आला की त्याला अजून एकदा समज देऊ."

ऋजुताने लिहून घेतलं, एक शब्द खोडून परत लिहिला. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, पण आता ओळ किंचित खाली उतरत होती.

"वाळीत टाकल्याचंही लिहू?"

"लिहा. मीपण होतो त्या बैठकीत. शपथ मीच घातली वेदला. तेपण लिहा."

चौकटीतून गंगा उठली. बाहेर येऊन ती खांबाला धरून उभी राहिली, भागोजीपासून चार हात लांब. ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटत होतं. त्यासाठी तो तयार होता, कदाचित त्याची वाटही पाहत होता.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"काय?"

"तो येऊन गेल्यापासनं गुरंवाल्यानं बोंब मारली तोपर्यंत."

"पस्तीस मिनिटं," ऋजुता हळू म्हणाली.

गंगाने ते ऐकून घेतलं. मग ती ऋजुताकडे वळली. "माझ्यानं उचलवत नाय म्हणाला म्हणजे त्यानं उचलून बघितला असंल."

"हो. त्याच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या, पुढची बाजू, सगळं रक्ताने भरलेलं होतं. पोलिसांनी ते मारताना उडालं असं धरलं. मला ते तसं वाटलं नव्हतं."

"आता त्याला काय हुईल?"

"ते मंडळ ठरवेल, ताई. मी सांगू शकत नाही. पण तो मदतीसाठी धावला होता, हे आता कागदावर येईल."

"आणि ह्यांना?"

ऋजुताने भागोजीकडे पाहिलं आणि नजर फाइलवर नेली. "बहिष्काराबद्दल कदाचित गुन्हा दाखल होईल. पण हाकेला ओ दिली नाही यासाठी... तसं कलम मला माहीत नाही."

"नसंल," गंगा म्हणाली.

ऋजुताने जबाब वाचून दाखवला. स्वतःचेच शब्द भागोजीला दुसऱ्या कोणाचे तरी वाटले. त्याने सही केली. रोज बागेच्या वहीत करायचा तशीच, नावाखाली रेघ ओढून. स्कूटरचा आवाज फाट्याकडे विरत गेला. समोरच्या वाटेवर महिपतचा पुतण्या उभा होता. त्याने भागोजीकडे पाहिलं, मान वळवली आणि चालू लागला.

गंगा अजून खांबापाशी होती.

"गंगा," भागोजी म्हणाला. "काय तरी बोल. शिव्या दे."

"राही पाच वाजता येईल," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा आणि अगदी साधा होता, दुपारी काय शिजवायचं ते सांगावं तसा. "गावातनं तिला कळायच्या आधी मी सांगीन. मी काय ते बघीन. तुमी गप बसा. तुमाला जमतं ते."

ती आत गेली. बारा वाजायला दहा मिनिटं होती. भागोजी पायरीवर बसून पाच वाजायची वाट पाहू लागला.