तीन नकोंचे आजोबा

जिन्याखालच्या मोकळ्या जागेत इमारतीतली पोरं टाकाऊ सामानातून मूर्ती घडवत होती. त्यांची पुढारी भिंगरी, वय वर्षं नऊ. मोडकी छत्री, बाबागाडीचं चाक, दात पडलेला कंगवा, काहीही चालायचं, अट एकच. वस्तू सापडली की तीन दारं वाजवून "हवंय का?" विचारायचं. तिन्हीकडून "नको" आलं की ती मूर्तीची. हा नियम भिंगरीनं कुणाच्या बापाला मोडू दिला नसता, मग बापाच्या बापाची काय कथा.

त्या दिवशी सुनेनं फरशी पुसायला काढली, म्हणून भिंगरीचे आजोबा पायरीवर येऊन बसले होते. चाळीस वर्षं शिवणयंत्रं दुरुस्त केलेला माणूस. हल्ली त्यांना कुणी बोलवत नसे. पोरांनी त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि दारं वाजवायला धूम ठोकली.

तळमजल्यावरून प्रश्न पुरा व्हायच्या आत "नको" आलं. चित्रकलेचे मास्तर झोपेतच "न्या, न्या" म्हणाले. तिसरं दार घरचंच. आजोबांनी कान टवकारले.

"आई, एक जुनं आहे. चालतं, पण आवाज फार करतं. हवंय का?"

"नको गं बाई. आधीच घरात पाय ठेवायला जागा नाही," सून मागे न वळता म्हणाली.

उठून निघून जाणं आजोबांना काही अवघड नव्हतं, पण माणूस हट्टी. ज्याला हवं असेल तो येईल न्यायला, असं मनाशी म्हणून ते मुकाट्यानं मूर्तीत जाऊन उभे राहिले. पोरांनी त्यांच्या गळ्यात सायकलचं टायर घातलं, हाती छत्री दिली, डोक्यावर फुटकी चाळणी बसवली.

"हलू नका, आजोबा. अजून वाळायचंय," भिंगरीनं बजावलं.

संध्याकाळी बघ्यांची रीघ लागली. मास्तरांनी एक डोळा मिटून पाहिलं.

"बाकी सगळं हुबेहूब साधलंय. नाक तेवढं बिघडलं."

"नाक माझंच आहे," आजोबा म्हणाले.

"म्हणून काय झालं?"

मग मुलगा कामावरून आला, "वा, छान" म्हणाला आणि वर निघून गेला. आता मात्र आजोबांचे डोळे भरून आले. पाचेक मिनिटांत नवरा-बायको धावत खाली आली, मुलाच्या एकाच पायात बूट.

"बाबा कुठायत?" सुनेनं विचारलं.

"मूर्तीत. तूच नको म्हणालीस."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मी बघितलंच नाही," म्हणत तिनं छत्रीला हात घातला. भिंगरी आडवी आली.

"असं नेता येत नाही. परत न्यायला तीन हवंय लागतात."

"मला हवेत."

"मलाही," मुलगा म्हणाला.

"दोन झाले."

तळमजल्यावरची मंडळी कुलूप लावून बाहेर गेली होती. मास्तर म्हणाले, "काढलेत तर मूर्तीचा तोल जाईल. माझं नको कायम." घडवणाऱ्या पोरांना मत नव्हतं. भिंगरीचा ओठ थरथरायला लागला होता, पण नियम म्हणजे नियम. तिनं जरा विचार केला, एक डबा ओढून ती त्यावर चढली आणि आजोबांच्या नाकासमोर आली.

"आजोबा, तुम्हाला हवे आहात का तुम्ही?"

दिवसभर दुसऱ्यांची वाट बघणाऱ्या आजोबांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. उत्तर शोधायला त्यांना इतका वेळ लागला, की सुनेनं घाबरून नवऱ्याचा हात धरला.

"हवाय," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं."

"हवाय मला मी," आजोबा म्हणाले, आणि गळ्यातलं टायर काढायला त्यांनी स्वतःच हात वर केले.