ऑर्व्हिलच्या रानात काही उगवलं नाही

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढल्यावर मी नोकरी सोडली आणि हरणांचा चारा पेरण्यासाठी जमीन तयार करून द्यायचा धंदा काढला. मातीचा नमुना तपासते, चुना टाकते, तव्यांचा कुळव फिरवते. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ज्या हरणाला नोव्हेंबरात गोळी घालायची, त्याला ऑगस्टपासून प्रेमानं जेवू घालतात. नवरा लेल म्हणाला, "म्हणजे परत वाढपीणच झालीस की."

आश्रमाच्या बाईंनी नाताळापर्यंत माझी जागा राखली होती. तोवर नवी गिऱ्हाइकं आली नाहीत, तर परत तिथंच.

पहिलं आणि एकुलतं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारा ऑर्व्हिल टेश. पशुखाद्याच्या गिरणीत सकाळी कॉफीला जमणाऱ्या शिकाऱ्यांत त्याचा शब्द चालायचा. त्याची माती फारच आंबट. भरपूर चुना टाकून मी क्लोव्हरचं गवत आणि सलगम पेरून दिले. शिकारीच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी त्याला तिथं थोराड शिंगांचा नर मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत कान टवकारून बसले.

"नर होय? तो वर दलदलीत मिळाला," ऑर्व्हिल सांगत होता. "लोर्नानं पेरलं तिथं काय, नुसतं तण."

मी त्याला बाहेर गाठलं. "ऑर्व्हिल, तुमचे सलगम माझ्या मुठीएवढे झालेत."

"झालेत ना. झकास काम केलंस, पोरी."

"मग आत काय बोलत होतात?"

"खरं सांगितलं तर उद्या कुंपणापलीकडचा ग्लेन तुला बोलावेल. मग माझी हरणं कुणाकडे जातील जेवायला?"

कुठलाच शिकारी आपली चांगली जागा सांगत नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? लेलनं त्याचं मचाण बावीस वर्षांत मलाही दाखवलेलं नाही. धंदा काढताना तेवढंच विसरले.

आठवड्यानं ग्लेन दारात.

"ऑर्व्हिलकडे काही उगवलं नाही म्हणे?"

गिऱ्हाइकाची गोष्ट फोडायची कशी? "तो म्हणतो तसंच," मी म्हटलं.

"तीनदा सांगितलं त्यानं. न विचारता." ग्लेननं टोपी मागे सारली. "चुना किती टाकलास?"

"तुझी माती बघून सांगेन."

"बघ. आणि हे बघ, माझ्याकडेही काही उगवणार नाहीये."

नाताळाच्या आधी आश्रमाच्या बाईंचा फोन आला. आवाजात नुसती दया. "अगं, चौघाचौघांकडून ऐकलं, तुझं कुठंच काही उगवत नाही म्हणे. ये बाई परत."

"नाही जमायचं," मी म्हटलं. "पुढचा ऑगस्ट आत्ताच गिऱ्हाइकांनी भरलाय."