पाण्यापासून लांबची खोली

भिंगरीच्या बापाशी लग्न केलं, तेव्हा दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या बाईला एवढंच माहीत होतं की पोर आठ वर्षांची आहे, शाळेच्या दिवसांत आईकडे असते आणि शनिवार-रविवार बापाकडे येते. पोर तिला मावशी म्हणायची. म्हणजे नात्यानं ती पोरीच्या आईची बहीण झाली, आणि त्या आईला तर ती दारातल्या दारात काय ती भेटलेली.

सुट्टीत तिघांनी आठवडाभर एखाद्या बेटावर जायचं, ही कल्पना मावशीचीच. लख्ख ऊन, माडांची सावली, कोमट समुद्र. पोरीला काय चालतं, काय नाही, असं नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, तिला सगळं चालतं. बापांचं हे ठरलेलं उत्तर. मग कामावरून परतताना ती धीर करून भिंगरीच्या आईकडेच गेली.

भिंगरीची आई लोकांना गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांशेजारी जीव मुठीत धरून बसल्यावर संध्याकाळी तिच्यात फार बोलायचं त्राण उरत नसे. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शिकाऊ माणसाला द्याव्यात तशा सूचना दिल्या. प्रवासात मळमळतं. अंड्यातलं पिवळं खात नाही. उन्हात टोपी काढून फेकते. शेवटी म्हणाली, "आणि पाण्याला भिते. हल्लीच सुरू झालंय. समुद्राचं नाव काढलं की रडते. बेटाचा नाद सोडलात तर बरं."

मावशीनं नाद सोडला नाही, बेत बदलला. होडीत बसावं लागू नये म्हणून विमान थेट उतरतं असं बेट निवडलं, आणि त्यावरही पाण्यापासून लांब, टेकडीवरची खोली. नवरा म्हणाला, समुद्राकडे पाठ करूनच बसायचं तर आपली गच्ची काय वाईट आहे? त्याचंही काही खोटं नव्हतं.

शनिवारी ती भिंगरीला घेऊन कपडे घ्यायला गेली. दुकानातल्या बाईनं न विचारता पोहण्याचे पोशाखही पुढे टाकले. मावशी ते बाजूला सारणार, तोच भिंगरीनं एक उचलला, पट्टा ताणून पाहिला आणि परत ठेवला.

"हा नको. सूर मारला की खांद्यावरून घसरतो," ती म्हणाली, आणि जीभ चावली.

मावशीनं बाकीच्या कपड्यांचे पैसे दिले. बाहेर बाकावर दोघी बसल्या. शाळेच्या तलावात शिकलीस का, असं विचारल्यावर पोरीनं मान डोलावली. मग पाण्याची भीती कसली, म्हटल्यावर एक बूट काढला, पुन्हा घातला.

"आई एकटी राहील ना," ती म्हणाली. "मी तुमच्याकडे आले की ती जेवायला बसतच नाही. ओट्यापाशी उभ्याउभ्या काहीतरी खाते. परत गेल्यावर भांडी बघितली की कळतं मला. दोन दिवस ठीक आहे. आठवडा म्हणजे फार झालं."

खरं सांगायचं तर मावशीला थोडं हायसं वाटलं, की पोर यायला नको म्हणते ते आपल्यामुळे नव्हे. आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. नवऱ्याला सांगावं, तर तो तिकडे जाऊन बोलणार आणि जुनी भांडणं उकरली जाणार. कुणालाच सांगू नये, तर एवढ्याशा पोरीनं आईच्या जेवणाचा घोर घेऊन हिंडायचं.

"मी आईशी बोलू?" तिनं विचारलं.

भिंगरीनं बुटाचा बंद ओढून घट्ट केला. "बोल. पण माझ्यावर रागावू नको म्हणावं."

एक शिकाऊ उतरून गेला तेवढ्यात मावशीनं भिंगरीच्या आईला रस्त्यावर गाडीपाशीच गाठलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या घरातली भांडी मोजायला आलात?"

"नाही. हे तुम्हाला कळायला हवं होतं. माझ्याजवळ ठेवून मी काय करणार?"

भिंगरीची आई गाडीत बसली आणि निघून गेली. पुढं काही दिवस ना फोन, ना निरोप. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं मावशीच्या मनानं घेतलं. बेटाचं नाव घरात कुणी काढेना.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. दारात भिंगरीची आई. या वेळी ती आत आली, बसली, आणि खोली दाखवा म्हणाली. मावशीनं संगणकावर दाखवली.

"ही टेकडी कशाला? पाण्याजवळची घ्या. पण पोहता येतं म्हणून कमरेएवढ्या पाण्यापुढे सोडू नका." मग तिनं सांगितलं, "त्या आठवड्यात माझी मैत्रीण राहायला येणार आहे, असं भिंगरीला सांगितलंय."

"खरंच येणार आहेत?"

"अजून विचारलं नाही. घर मोडलं तेव्हापासून तिला फोनच केला नाही मी." ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. "इथूनच करू का? घरी गेले तर राहून जाईल."

मावशी चहाचं निमित्त करून उठली. आतून तिला आधी नुसतं "हो, मीच" एवढं ऐकू आलं. चहा उकळून वर आला तेव्हा बाहेरून हसू ऐकू आलं, आणि ते थांबायचं नाव घेईना. मावशीनं गॅस बारीक केला आणि तिथंच उभी राहिली.

निघायच्या दिवशी विमानतळावर सोडायला शिकवणीचीच गाडी आली. चालवायला भिंगरीची आई, मागे मांडीवर बॅगा घेऊन नवरा गप्प, शेजारी भिंगरी अखंड बोलणारी. मावशीला पुढे बसवलं होतं.

"तुमच्या पायाशी पण ब्रेक आहे, शिकवणाऱ्याचा," भिंगरीची आई म्हणाली. "मी नीट चालवते. उगाच दाबू नका."